देवाचं नाव चुकवताना



अध्यक्षीय भाषणात इंग्रजीच्या भवितव्याची चिंता वाहायची आपल्याकडे परंपरा आहे. माझ्याआधीच्या अध्यक्षांनी ती पुरेशी वाहिलेली असल्यामुळे मी यंदा फक्त एक शब्द घेऊन उभा आहे. गॉड. हा शब्द कुठल्या ग्रंथात किती वेळा आला याची मोजदाद आता संगणक करून देतो. मला कुतूहल आहे ते लेखकांनी तो कसकसा चुकवला याचं. आपल्या आज्या नवऱ्याचं नाव घेत नसत. त्या न घेण्यातूनच ‘इकडून’, ‘स्वारी’ आणि उखाण्यांचं अख्खं भांडार तयार झालं. इंग्रजी लेखणीनं देवाच्या बाबतीत तेच केलं, असं माझं म्हणणं आहे.

पहिलाच पुरावा बघा. नावानिशी माहीत असलेला पहिला इंग्रज कवी म्हणजे कॅडमन. सातव्या शतकात व्हिटबीच्या मठात गुरं राखणारा माणूस. त्याची कहाणी बीड या मठवासी इतिहासकारानं 731 साली पुऱ्या केलेल्या ग्रंथात सांगितली आहे. कॅडमनचं स्तोत्र जेमतेम नऊ ओळींचं. त्यात स्वर्गाचा राखणदार, वैभवाचा पिता, शाश्वत स्वामी, पवित्र निर्माता अशी बिरुदांची माळ आहे. ‘गॉड’ मात्र एकदाही नाही. शब्द भाषेत नव्हता असं नाही. तो ख्रिस्ती धर्माहून जुना, जर्मानिक लोकांच्या मूळ देवांसाठीचा, आणि मुळात नपुंसकलिंगी. ‘ते’ दैवत होतं, धर्मांतरानंतर त्याचा ‘तो’ झाला. या ‘तो’ची झाडाझडती व्हायला पुढे हजारावर वर्षं जावी लागली.

बायबलच्या भाषांतरकारांपुढचा पेच निराळा. हिब्रूतलं देवाचं चार अक्षरी नाव ज्यू वाचक उच्चारत नाहीत. त्याजागी ‘प्रभू’ अशा अर्थाचा शब्द वाचतात. विल्यम टिंडलनं 1530 साली काही जागी ‘जेहोवा’ असं रूप सरळ छापलं. 1611 च्या किंग जेम्स बायबलनं मात्र बहुतेक ठिकाणी ‘लॉर्ड’ घातलं, तेही सगळी कॅपिटल अक्षरं लावून, म्हणजे इथे नाव झाकलंय हे वाचणाऱ्याच्या डोळ्यांना कळावं. 1901 च्या अमेरिकन आवृत्तीनं जेहोवा सर्वत्र परत आणला आणि 1952 च्या सुधारित आवृत्तीनं पुन्हा काढून टाकला. पंडितांचंही एकमत होत नाही, याचं आपल्याला नवल वाटायला नको.

खरी मौज झाली रंगभूमीवर. 1606 साली इंग्लंडच्या पार्लमेंटनं कायदा केला: नाटकात देवाचं, ख्रिस्ताचं, पवित्र आत्म्याचं किंवा त्रैक्याचं नाव थट्टेनं वा अनादरानं उच्चारलं, तर दर गुन्ह्याला दहा पौंड दंड. त्यातला अर्धा राजाला आणि अर्धा फिर्याद करणाऱ्याला. म्हणजे नाटक बघायला आलेल्या कुणाही कान टवकारून बसणाऱ्याला कमाईची सोय! कायदा उच्चाराबद्दल होता, छपाईबद्दल नव्हता. पण त्यानंतरच्या छापील नाटकांतही त्याच्या खुणा सापडतात.

‘ऑथेल्लो’ घ्या. त्याची क्वार्टो, म्हणजे एकट्या नाटकाची सुटी आवृत्ती 1622 ची आणि फोलिओ, म्हणजे नाटकांचा एकत्रित ग्रंथ, 1623 चा. मध्ये एक वर्षाचं अंतर. क्वार्टोमध्ये आयागो तोंड उघडतो तोच ‘स्ब्लड’ म्हणत, म्हणजे देवाच्या रक्ताची शपथ घेत. फोलिओत तो शब्द गायब. थोड्याच वेळात ब्रॅबँशिओला झोपेतून उठवताना तो ‘झाउंड्स’ म्हणतो, म्हणजे देवाच्या जखमांची आण. फोलिओत तीही गायब. अशा पन्नासाहून अधिक शपथा दोन आवृत्त्यांच्या मध्ये गळाल्या. ही गळती कायद्यामुळे की नक्कल करणाऱ्या एखाद्या सोवळ्या लेखनिकामुळे, यावर अभ्यासक अजून भांडतात. माझी पसंती क्वार्टोला आहे. आयागो हा छावणीत मुरलेला शिपाईगडी. त्याच्या तोंडची शपथ काढली की शिपाई पुसट होतो आणि नुसता खलनायक उरतो. नाटकातल्या सगळ्यांत पोचलेल्या माणसाच्या जिभेवर देव सतत असावा, ही शेक्सपिअरची चलाखी होती. कायद्याला तिथे फक्त विटाळ दिसला.

तुटक्या शपथांचं पीक पुढेही थांबलं नाही. ‘गॉश’, ‘गॉली’, ‘ईगॅड’ ही सगळी त्याच घराण्यातली. ‘गुडबाय’च्या पोटात देव आहे, हे आपण सगळेच दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला सांगतो, म्हणून इथे सांगत नाही.

शेक्सपिअर वारला 1616 साली. त्याच वर्षी गोव्यात राशोलला फादर स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ छापून झालं. स्टीफन्स जातीचा इंग्रज. त्याच्या मायदेशी नाटकवाल्यांना देवाचं नाव दहा पौंडांना पडत होतं, त्या वर्षांत हा गृहस्थ मराठी ओवीत देवाला बाप म्हणून हाक मारत होता आणि स्वर्गाला बिनदिक्कत वैकुंठ म्हणत होता.

हाक मारण्यावरून ‘दाऊ’ आठवलं. हे मुळात आपल्या ‘तू’सारखं घरगुती सर्वनाम. रोजच्या बोलण्यातून ते हळूहळू गेलं, प्रार्थनेत तेवढं राहिलं, आणि मग लोकांना ते भारदस्त वाटू लागलं. निकोल मॅकनिकल यांनी 1919 साली आपल्या संतांचे अभंग इंग्रजीत नेले तेव्हा विठोबाच्या वाट्याला हेच भारदस्त ‘दाऊ’ आलं. विठोबाशी भांडणारा तुकोबा त्यात अदबीनं उभा राहिलेला दिसतो.

एकोणिसाव्या शतकात गोष्ट उलटी झाली. नाव टाळलं म्हणून नव्हे, घातलं म्हणून लेखक हळहळला. डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ची पहिली आवृत्ती नोव्हेंबर 1859 ची. तिच्या शेवटच्या वाक्यात जीवन पहिल्यांदा फुंकलं गेलं एवढंच आहे. कोणी फुंकलं ते नाही. जानेवारी 1860 च्या दुसऱ्या आवृत्तीत तिथे ‘निर्मात्याकडून’ असे शब्द आले. लोकमतापुढे आपण नमलो याची खंत डार्विननं 1863 मध्ये मित्र हूकरला लिहिलेल्या पत्रात बोलून दाखवली. तरी शब्द शेवटच्या आवृत्तीपर्यंत तसाच राहिला.

आता सुरुवातीच्या त्या ‘तो’कडे येऊ. ॲलिस वॉकरच्या 1982 च्या ‘द कलर पर्पल’मधली सेली आपली पत्रं देवाला लिहिते, कारण ज्याच्यापाशी बोलावं असं दुसरं कोणी तिला उरलेलं नाही. कादंबरीच्या मध्यावर ती देवाला लिहायचं सोडते आणि बहिणीला लिहू लागते. आपण ज्याला लिहीत होतो तो एक पुरुषच निघाला, आणि मनातला त्याचा चेहरा गोरा, हे तिच्या ध्यानात येतं. शेवटच्या पत्राच्या मायन्यात देव परत येतो, पण चांदण्या, झाडं, माणसं या सगळ्यांसह. कुठल्याही धर्मशास्त्राच्या पुस्तकापेक्षा हा मायना मला जास्त शिकवून गेला आहे.

आणि मग छोटा ‘जी’. नास्तिक लेखक हिचन्स यांनी 2007 साली देवाविरुद्धच्या आपल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘गॉड’मधला ‘जी’ मुद्दाम छोटा छापला. ते भांडण होतं. त्याच्या तीसेक वर्षं आधी अरुण कोलटकरांनी ‘जेजुरी’ या इंग्रजी कवितासंग्रहात तो छोटाच लिहिला, आणि तिथे भांडण नव्हतं. दगड कुठे संपतो आणि देव कुठे सुरू होतो हे जिथे सांगता येत नाही, तिथे कॅपिटल अक्षर लावणार तरी कशाला? देवनागरीत लहानमोठी अक्षरंच नाहीत, त्यामुळे हिचन्सचा रोष आणि कोलटकरांची सहजता मराठीत आणताना भाषांतरकाराला वाक्याच्या चालीवरच भागवावं लागतं.

म्हणून दोन विनंत्या करतो. भाषांतर करणाऱ्यांनी प्रत्येक ‘माय गॉड’ला डोळे झाकून ‘अरे देवा’ चिकटवू नये. बोलणारा शिपाई आहे, पाद्री आहे की सेलीसारखी बाई, ते आधी पाहावं. आणि शिकवणाऱ्यांनी निदान ‘ऑथेल्लो’चा पहिला प्रवेश तरी क्वार्टो आणि फोलिओ असा शेजारी शेजारी ठेवून वर्गात वाचून घ्यावा. आजच्या बहुतेक आवृत्त्यांत दोन्हींची सरमिसळ असते, त्यामुळे विद्यार्थ्यांना हा फरक दिसतच नाही. येत्या सत्रापासून हे सुरू करा, आणि मुलं काय म्हणाली ते पुढच्या अधिवेशनात मांडा.