सहा मुली आणि एक खांब
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या मनोगताचा मजकूर)



आम्ही तिघी उभ्या आहोत, पण माइक एकच आहे. म्हणून एकीने बोलायचं आणि दोघींनी चुका काढायच्या, असं ठरलं आहे.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आमच्या जुन्या शाळेतून निरोप आला. मुलींचा खो-खोचा संघ तीन वर्षं पहिल्याच सामन्यात बाद होत होता. खेळाचे शिक्षक निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. यंदा संघाचं नाव पाठवायचं की नाही, एवढंच शाळेला विचारायचं होतं. आम्ही तिघी त्याच मैदानावर वाढलो, त्यामुळे हो म्हणायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. एकीच्या गुडघ्याने मात्र त्याच रात्री नाही म्हटलं.

बडोदेकरांना खो-खो काय सांगायचा? १९२४ साली या खेळाचे नियम आपल्याच गावातल्या हिंद विजय जिमखान्याने प्रसिद्ध केले. जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि प्रोफेसर माणिकराव ही नावं ऐकत आपण मोठे झालो. हा सगळा वारसा डोक्यावर घेऊन आम्ही मैदानावर गेलो. यादीत चौदा नावं, हजर सहा. आठजणी बसतात, नववी पाठलाग करते. सहाजणींत डाव मांडायचा कसा? खांबही एकच उरला होता. दुसऱ्याच्या जागी स्कूटर उभ्या.

पहिला महिना आम्ही आमच्या सरांची नक्कल केली. शिट्टी, दहा फेऱ्या, उशीर झाला तर आणखी पाच. महिन्याअखेर सहाच्या चार झाल्या. सगळ्यांत चपळ मुलगी रोज वीस मिनिटं उशिरा यायची आणि रोज जादा पळायची. एक दिवस ती यायचीच बंद झाली. चौकशी करत घरी गेलो, तर एका नव्या इमारतीच्या बांधकामाजवळची पत्र्याची खोली. आईवडील दाहोदकडून कामाला आलेले, सहानंतर सुटायचे. तीन वर्षांच्या भावाला झोपवून, शेजारणीला सांगून ती पळत मैदानावर यायची. आम्ही तिला शिक्षा करत होतो ती याची. परत येताना रिक्षात आम्ही तिघी एक शब्द बोललो नाही.

दुसऱ्या दिवसापासून भाऊही मैदानावर. खांबापाशी बसून तो मनाला येईल तेव्हा "खो!" ओरडतो. पाठीला हात लागून खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, हे आम्ही घसा फोडून शिकवत होतो, ते त्याने आठवड्यात शिकवलं. फेऱ्यांची शिक्षा त्याच दिवशी संपली.

खरा दोष पायांत नव्हता, हे हळूहळू लक्षात आलं. मुली धावायच्या छान, पण खो द्यायच्या नाहीत. एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे फिरता येत नाही, आणि समोरची हुलकावणी देऊन मधून निसटते. तिथे आपण धावत सुटण्यापेक्षा पलीकडे तोंड करून बसलेल्या मैत्रिणीला उठवायचं असतं. पण शाबासकी गडी बाद करणारीलाच मिळते ना! म्हणून आम्ही वहीत बाद गडी मोजणं बंद केलं आणि वेळेवर दिलेले खो मोजायला लागलो. पहिल्या दिवशीचा आकडा इथे सांगण्यासारखा नाही.

नवरात्रात नऊ रात्री गरबा, सराव शून्य. आम्ही कुरकुरलो. नंतर पाहतो तो पाय हलके झालेले, फक्त एका बाजूला वळताना साऱ्याजणी अडखळत. गरब्याचं वर्तुळ एकाच दिशेने फिरतं! मग खांबाभोवती उलटा गरबा खेळायला लावला. हसून हसून पुरेवाट झाली, पण वळण सुधारलं.

त्या वर्षी पुन्हा पहिल्याच सामन्यात हरलो, एका गुणाने. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. प्रियांका इंगळेच्या संघाने नेपाळला ७८-४० असं हरवलं, तो सामना बाराजणींनी एका मोबाईलवर पाहिला. हो, तोवर बारा झाल्या होत्या. पुढच्या मोसमात दोन सामने जिंकलो, तिसऱ्यात हरलो. त्यात शेवटच्या मिनिटाला आमच्या त्या चपळ मुलीने हाताशी आलेला गडी सोडून खो दिला, आणि जिला दिला ती घसरली. प्रेक्षकांतून हाय हाय झालं. वहीत आम्ही तो खो बरोबर धरला आहे.

बुटांसाठी वर्गणी मागताना आपल्यापैकी एकांनी विचारलं होतं, "यात मराठी मुली किती?" तेव्हा आम्हाला राग आला. उत्तर असं, की बारांत तीन. आणि आमच्या तिघींच्या मुली कुठे आहेत? इंग्रजी शाळेत. एक स्केटिंग करते, एक बॅडमिंटन, तिसरी काहीच नाही. आपण ती शाळा सोडली, तिथे आता या मुली बसतात, "पाटी", "हुलकावणी" म्हणतात आणि भांडतात गुजरातीत. आमच्या मुलींना हुलकावणी शब्द समजावून सांगावा लागला.

दुसरा खांब आम्ही जुन्या पिंपात सिमेंट ओतून उभा केला आहे. तो हलतो. खरा रोवायचा तर जागा मोकळी हवी. तिथे लागणाऱ्या स्कूटरींपैकी दोन इथे बसलेल्या सभासदांच्या आहेत. नंबर लिहून आणले आहेत, पण आज वाचत नाही. विसर्जनानंतरच्या सोमवारी पाचला सराव आहे. तेव्हा गाडी दुसरीकडे लावून या, आणि घरात पहार असेल तर घेऊन या.