स्नेहसंमेलनाची कॅसेट टीव्हीवर आणताना
(मेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण)



चहानंतर आपण डिसेंबर १९९४ च्या स्नेहसंमेलनाची कॅसेट मोठ्या टीव्हीवर बघणार आहोत. त्याआधी पाच मिनिटं बोल, असं मला सांगितलंय. कारण ग्रुपवर सगळ्यांचा एकच प्रश्न होता : ही कॅसेट दुकानातून पेन ड्राइव्हवर करून आणली होती ना, मग पुन्हा खटाटोप कशाला?

ती फाईल ज्यांनी घरी लावली त्यांना आठवत असेल. लेझमीचा खेळ सुरू झाला की हातांच्या कडा फणीच्या दातांसारख्या फाटायच्या. चेहरे आडवे ताणलेले. आज आपण रुंद दिसतो हे मान्य, पण दहावीत नव्हतो!

हे दात येतात कुठून? आपल्याकडची जुनी टीव्ही-पद्धत म्हणजे पाल. तिच्यात चित्राच्या ५७६ ओळी दिसतात, पण सगळ्या एकदम येत नाहीत. एकदा विषम ओळी, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर सम ओळी. अशी अर्धी चित्रं, ज्यांना फील्ड म्हणतात, सेकंदाला ५०. जुना डबा टीव्ही ती तशीच आळीपाळीने रंगवायचा, डोळ्याला काही खटकायचं नाही. आजचा सपाट टीव्ही पूर्ण चित्र एकदम दाखवतो. दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकात विणल्या, की मधल्या वेळात हललेला हात दोन जागी दिसतो. भाषण करणाऱ्या पाहुण्यांना काही होत नाही, नाचणाऱ्यांचं मात्र वाटोळं.

या ओळी सुट्या करायची सोय टीव्हीतही असते, पण फाईलमध्ये तशी नोंद हवी. दुकानात चित्र विणलेलंच ठेवून त्याचा आकार बदलला होता. आकार बदलताना शेजारच्या ओळी एकमेकींत मिसळतात. मग सम-विषम वेगळं करणं जवळपास अशक्य, कितीही भारी सॉफ्टवेअर आणा. म्हणून मूळ कॅसेटकडे परत जावं लागलं. ती आपल्यातल्या एकीच्या आईने कपाटात साड्यांच्या खाली जपून ठेवली होती. बुरशीचा ठिपकाही नाही. काकूंसाठी टाळ्या व्हायला हव्यात.

व्हीसीआरवरून सगळ्या ओळी जशाच्या तशा उतरवून घेतल्या. पुढचं काम एफएफएमपेग या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने केलं. त्यातला एक फिल्टर प्रत्येक फील्डमधल्या रिकाम्या ओळी, आजूबाजूच्या ओळी आणि मागची-पुढची फील्ड बघून भरतो. इथे एक निर्णय घ्यावा लागतो : सेकंदाला २५ चित्रं करायची की ५०? २५ केली तरी दात जातात, फाईलही लहान होते. पुष्कळ जण तेच करतात. मला ते पटत नाही, कारण कॅमेऱ्याने टिपलेले निम्मे क्षण त्यात फेकले जातात.

लेझमीच्या वेळी मैदानाच्या कडेला आपले पीटीचे सर उभे आहेत. सर आता नाहीत. ढोलाच्या दणक्यात त्यांचा आवाज ऐकूच येत नाही. दिसतो तो फक्त ठेका देणारा हात. २५ वर तो हात झटके खात वर जातो. ५० वर ते सर वाटतात. दोन्ही करून पाहिलं आणि ५० ठेवलं.

चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतील. त्या असायलाच हव्यात, मूळ चित्र चारास तीन आहे. कृपया कुणी रिमोट घेऊन ते 'फुल स्क्रीन' करू नका.

उतरवलेली मूळ फाईल दोन हार्ड डिस्कवर ठेवली आहे, त्यातली एक आज शाळेच्या ग्रंथालयात देत आहे. टीव्हीसाठी केलेली प्रत चहाच्या टेबलाशी मिळेल, पेन ड्राइव्ह आणला असेल तर घेऊन जा. आणि सहलीची, निरोप समारंभाची कॅसेट कुणाच्या माळ्यावर असेल, तर घरच्या बंद पडलेल्या व्हीसीआरमध्ये घालून बघू नका, टेप अडकून तुटते. तशीच माझ्याकडे पाठवा, माझा व्हीसीआर अजून चालतोय.