बंद खाणीची धूळ

कसाल येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप

कसालच्या तिठ्यावरून मालवणकडे वळणाऱ्या माणसाला खाण म्हटले की रेडीचे लोहखनिजाचे खड्डे आठवतात, फार तर कासार्ड्याची सिलिका वाळू. ॲस्बेस्टॉस इथे ओळखीचे आहे ते गोठ्यावर, पडवीवर, ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणून. त्या पत्र्यातला धागा आज परदेशातून येतो, पण एके काळी तो भारतातल्या खाणींतूनही निघत असे. झारखंडमधल्या चाईबासाजवळची रोरो टेकड्यांवरची खाण 1983 साली बंद झाली. कंपनी गेली. उपसलेला सुमारे 7 लाख टन कचरा मात्र उतारावर उघडाच राहिला. पावसात तो खालच्या शेतांत येतो, उन्हाळ्यात वाऱ्यावर चढतो.

अशा जागा पाहायला जाण्याची हौस अलीकडे वाढली आहे. ओसाड बोगदे, गंजलेले रूळ, फोटोला झकास! जाणाऱ्याची समजूत अशी की धोका कामगाराला होता, आपण तासाभराचे पाहुणे.

ही समजूत 1960 सालीच मोडीत निघायला हवी होती. त्या वर्षी वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या केप प्रांतातील 33 रुग्णांवर निबंध प्रसिद्ध केला. सर्वांना मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग झाला होता. त्यांतल्या कित्येकांनी खाणीत एक दिवसही घमेले उचलले नव्हते. ते खाणींच्या आसपास राहिले होते. काही जण लहानपणी निळ्या ॲस्बेस्टॉसच्या ढिगांवर खेळले होते, एवढाच त्यांचा त्या धंद्याशी संबंध. तासभर फिरून आलेल्या प्रत्येकाला कर्करोग होतो, असे मुळीच नाही. जितकी धूळ छातीत जाईल तितका धोका वाढतो. पण अमुक इतक्या धुळीपर्यंत काहीच होत नाही, अशी रेघ कोणालाही ओढता आलेली नाही.

ॲस्बेस्टॉसचा दगड फुटतो तो धाग्यांत, आणि धागा पुन्हा उभा चिरत जातो. शेवटी उरणारे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास नसतो, घशात खवखवही होत नाही. बंद बोगद्यात पाऊल आपटले तरी ते उठतात आणि तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. नाकावरचा रुमाल किंवा कापडी मास्क त्यांना अडवत नाही. फुफ्फुसातल्या पेशी लांब तंतू गिळू पाहतात, त्यांना तो पचत नाही, आणि तिथे सुरू झालेली जळजळ वर्षानुवर्षे धुमसते. फुफ्फुस कडक होणे म्हणजे ॲस्बेस्टॉसिस. शिवाय फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा. लक्षणे दिसायला बहुधा 20 ते 50 वर्षे लागतात. म्हणून ‘मी गेलो होतो, मला काय झाले?’ हा पंचविशीतल्या तरुणाचा पुरावा कवडीमोलाचा. त्यात तो विडी-सिगारेट ओढत असेल तर फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियातले विटनूम हे अशा बंद खाणींचे सर्वांत कडू उदाहरण. 1943 ते 1966 या काळात तिथे निळे ॲस्बेस्टॉस काढले गेले. कामगार आणि रहिवासी मिळून 2,000 हून अधिक माणसे त्यापायी दगावली, 30 लाख टनांच्या वर कचरा दरीत पडून राहिला. सरकारने गावाचे नाव नकाशावरून काढले, वीज तोडली, पाट्या लावल्या. तरी हौशी लोक त्या पाट्यांशेजारीच फोटो काढत राहिले! अखेर 2022 साली खास कायदा झाला आणि उरलेली घरे पाडण्यात आली.

कोकणाचा संबंध येतो तो चाकरमान्यांमुळे. मुंबईत मुलुंड-घाटकोपर पट्ट्यात ॲस्बेस्टॉसचे कारखाने होते. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या अशाच एका कारखान्यातील कामगारांची तपासणी केली. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात साधारण पाचातल्या एकाला ॲस्बेस्टॉसिस आढळला. धूळ कपड्यांवरून घरी येते, आणि ते कपडे झटकून धुणाऱ्या बायकांनाही मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणे जगभर आहेत.

गावात आज लक्ष द्यायचे ते पत्र्यांकडे. मे 2021 मध्ये तौक्ते वादळाने किनाऱ्यावर छपरे उडवली, पत्रे फुटले. असे तुकडे कोरडे फोडू नयेत, करवतीने कापू नयेत, झाडूने लोटू नयेत; पाणी मारून ओले करावे आणि जाड प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवावे. जुन्या खाणीत कोणी जाऊन आलाच असेल, तर त्याने कपडे घराबाहेर ओले करून काढावेत, झटकू नयेत.

सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली ॲस्बेस्टॉस कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून 40 वर्षे, किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांतला जो काळ उशिरा संपेल तोवर जपण्याचा आदेश दिला. ठेकेदाराच्या हाताखाली राबून गावी परतलेल्या माणसाची अशी नोंद सापडणे कठीण. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्याला धाप लागत असेल, तर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नेताना तो तरुणपणी कोणत्या कारखान्यात, कोणत्या खात्यात, किती वर्षे होता ते कागदावर लिहून न्यावे आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी दाखवावे.