चालकाचा श्वास आणि व्यापाऱ्याचा धर्म
(व्याख्यानाचा पाठ)



भिवंडीच्या यंत्रमागावर विणलेले कापड गावोगावच्या पेढ्यांवर पोहोचते ते मालमोटारचालकाच्या श्रमांमुळे. व्यापाऱ्याच्या हिशेबवहीत भाडे खर्ची पडते आणि वाहनाचा घसाराही दरवर्षी काढला जातो. परंतु त्याच रस्त्यावर चालकाच्या फुप्फुसांची जी झीज होते, ती कोणत्याही खात्यात नोंदली जात नाही.

मनुष्य दिवसाकाठी सुमारे २०,००० वेळा श्वास घेतो. डिझेलच्या धुरातील बहुतेक कण २.५ मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही सूक्ष्म असतात. नाकातील केस त्यांना अडवू शकत नाहीत आणि तोंडाला बांधलेला रुमालही फारसा उपयोगी पडत नाही. वर्षानुवर्षे हे कण आत गेल्याने श्वासनलिकांना सूज येते, कफ साचतो आणि वायुकोशांच्या नाजूक भिंती विरू लागतात. मग आत घेतलेली हवा पुरती बाहेर पडत नाही. यालाच सी.ओ.पी.डी., म्हणजे श्वसनमार्गाचा दीर्घकालीन अवरोध म्हणतात. सामान्य माणूस यालाही दमाच समजतो. मात्र दम्यात आकुंचन पावलेल्या नलिका औषधाने बव्हंशी पूर्ववत होतात. येथे गमावलेली शक्ती परत मिळत नाही, उरलेली तेवढी जपावी लागते.

भारतात १९९० साली या विकाराचे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते. २०१६ साली ही संख्या ५ कोटी ५३ लाखांवर गेल्याचा अंदाज आहे. हा केवळ विडी-सिगारेटचा रोग, असा समज सर्वत्र आढळतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले, की जगातील अशा रुग्णांपैकी सुमारे २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीही धूम्रपान केलेले नसते. चुलीचा धूर, कामाच्या जागेची धूळ आणि वाहनांचा धूर हीदेखील कारणे आहेत. जो चालक रात्रीची झोप उडवण्यासाठी विडीही ओढतो, त्याच्यावर हा मारा दुहेरी होतो.

सुधारणा झालीच नाही असे नाही. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या बसगाड्या सी.एन.जी.वर चालवण्याचा आदेश दिला. १ एप्रिल २०२० पासून देशभर नव्या वाहनांना भारत स्टेज ६ चे निकष लागू झाले. तरीही जुन्या गाड्या, रस्त्याची धूळ आणि नाक्यावरची खोळंबलेली रांग आहेतच. उघड्या रिक्षाचा चालक तर दिवसभर पुढच्या वाहनाच्या धुरातच बसलेला असतो.

कापसाच्या तंतुधुळीने गिरणी कामगाराला होणारा बिसिनोसिस हा फुप्फुसाचा विकार १९२३ च्या भरपाई कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत होता. वाहनांच्या धुराने जडलेल्या चालकाच्या सी.ओ.पी.डी.चा तीत स्वतंत्र उल्लेख नव्हता. त्यातच, निदान झाले तर गाडी हातची जाईल, या भीतीने चालक खोकला लपवतो. जिना चढताना धाप लागू लागते, तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

जैन शास्त्रांनी श्रावकाच्या अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण सांगितले आहे. मुक्या जनावरावर शक्तीबाहेर भार लादणे हा जर दोष, तर चालकाला विश्रांतीविना सलग पिटाळणे निर्दोष कसे ठरेल? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा सर्वसाधारणपणे घातलेली होती. माल उद्या सकाळीच हवा, असा हट्ट धरणाऱ्या पेढीने तिचे स्मरण ठेवावे. वायुकाय जीवांचीही दया शिकवणाऱ्या धर्माच्या अनुयायांना धुराविषयी उदासीन राहता येणार नाही.

उपाय अवघड नाहीत. माल चढवता-उतरवताना इंजिन बंद ठेवायला सांगावे आणि चालकाला बसण्यासाठी गोदामात जागा द्यावी. तीन-चार आठवडे खोकला टिकला, तर त्याला स्पायरोमेट्री करून घेण्यास सांगावे. या तपासणीत नळीत जोराने फुंकायचे असते. काही मिनिटांत फुप्फुसांची क्षमता कळते. विडी सोडणे हा सर्वांत प्रभावी उपचार. श्वासावाटे घ्यायचे औषध नियमित घेणे आणि इन्फ्लुएन्झाची लस टोचून घेणे हितावह असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आजार उघड केलेल्या चालकाचे काम तोडले जाणार नाही, असा शब्द पेढीने त्याला द्यावा. हा शब्द नसेल, तर तपासणीला कोणी येणार नाही.

चार दानांत औषधदान आहे, तसेच अभयदानही आहे. न्यासाने सुवर्णमहोत्सवी वर्षात मालधक्क्यावर आणि रिक्षातळावर चालकांसाठी तपासणी शिबिरे भरवली, तर औषधदान घडेल. 'तुझी रोजी जाणार नाही', असे व्यापाऱ्याने त्याच चालकाला सांगितले, तर ते अभयदान ठरेल. पहिल्याचा खर्च न्यास उचलू शकेल. दुसरे मात्र प्रत्येक पेढीने स्वतःच द्यावयाचे आहे.

जय जिनेंद्र.