किमान किती, जास्तीत जास्त किती

आम्ही भातसानगरच्या बचत गटातल्या बाया बोलतोय.

मागे नाचणीच्या पापडांची ६० पाकिटं घेऊन आम्ही शहापूरच्या बाजाराला गेलो. सगळी खपली. खुशीत घरी आलो, हिशोब केला, तर कर्जाच्या ९४० रुपयांच्या हप्त्याला ४० रुपये कमी! एकीने पदरचे घातले. गटातल्या एकीची लेक कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "काकू, निघायच्या आधीच का नाही मांडलंत?"

मग तिच्यासोबत मांडलं. पाकिटाला खर्च ३५, विक्री ६०, सुटतात २५. टेम्पोचं भाडं ६००, पाकिटं कितीही असोत. पाकिटं किती न्यायची ते माहीत नाही, म्हणून त्यांना 'क्ष' म्हटलं. २५ क्ष मधून ६०० गेले की ९४० किंवा त्याहून जास्त उरायला हवेत. 'बरोबर'च्या जागी 'किंवा जास्त' आलं, की ती झाली असमानता. दोन्हीकडे ६०० मिळवले, २५ने भागलं: क्ष ६१.६ किंवा जास्त. पाकीट तोडून विकता येत नाही, आणि ६१ला हप्ता भरत नाही. म्हणजे किमान ६२.

आता वरची हद्द. धरणात नाही का, पाणी एका पातळीखाली जाऊ देत नाहीत, तसं एका पातळीवर चढूही देत नाहीत. आमच्या पेटीत होते ३०००. भाडं काढून २४००. त्यातून ३५ क्ष वजा केले तर शून्य तरी उरावं. म्हणजे वजा ३५ क्ष हे वजा २४०० किंवा त्याहून जास्त. इथे आम्ही अडलो. लेक म्हणाली, वजा संख्येने भागलं की चिन्ह उलटतं, 'जास्त'चं 'कमी' होतं.

का? गाठीला ५ रुपये असलेली ३ रुपयेवालीपेक्षा वरचढ. पण तेच ५ नि ३ रुपये उधारीचे असले, तर ५वाली खाली गेली. वजा लागलं की क्रम फिरतो, बायांनो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको!

तर क्ष ६८.५७ किंवा कमी. इथे खाली उतरायचं, कारण ६९व्या पाकिटाला पैसा नाही. म्हणजे ६२ ते ६८.

पण एखादं पाकीट परत आलं, तर त्याचे ३५ही अडकतात. म्हणून येत्या बाजाराला आम्ही ६८ नेतोय. त्यांतली ६६ तरी खपायला हवीत. ६६च का, ते तुमच्या गटात मांडून पाहा.