मेंदूतून परतणारे रक्त आणि बाळंतिणीची डोकेदुखी
(सिरसाळा येथील ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



आरोग्याच्या विषयावर चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली. मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर मुलांना शास्त्राचे प्राथमिक पाठ देणारा मी एक शिक्षक आहे. तेव्हा मी सांगतो ते तज्ज्ञांचे लिखाण वाचून सांगतो आहे असे समजावे आणि उपचारांच्या बाबतीत डॉक्टरांचाच शब्द प्रमाण मानावा.

हृदयाकडून रक्त नेणारी ती रोहिणी आणि हृदयाकडे परत आणणारी ती नीला, हे आपण सर्वांनी शाळेत घोकलेले आहे. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे 2 टक्के असते. परंतु हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे 15 टक्के भाग त्याच्याकडे जातो. दर मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त मेंदूत शिरते, आणि तितकेच बाहेर पडावे लागते. रोहिणी तुंबली की पक्षाघात होतो, हे खेड्यातील लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु नीला तुंबली तर काय होते, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

आपल्या भागात शेतात पाणी कसे आणावयाचे याची चिंता प्रत्येकास असते; ते बाहेर कसे जावयाचे याची आठवण पीक पिवळे पडल्यावर होते. काळ्या जमिनीला कालव्याचे पाणी भरपूर दिले आणि चर काढले नाहीत, तर जमीन चिबड होते आणि उभे पीक पाण्यात राहून मरते. मेंदूचेही असेच आहे. डोक्याच्या मध्यभागी पुढून मागे जाणारी एक मोठी नीला असते. मागे तिला डाव्याउजव्या शाखा फुटतात आणि त्या मानेतील नीलांस मिळतात. या वाटेत रक्ताची गुठळी झाली, तर मागचे रक्त तुंबते, कवटीतील दाब वाढतो, मेंदूस सूज येते आणि कधी कधी लहान रक्तवाहिन्या फुटून रक्तस्रावही होतो. रोगी आधी डोके दुखते म्हणतो. पुढे उलट्या, अंधुक दिसणे, आकडी, अर्धांगाची दुर्बलता आणि अखेर बेशुद्धी, असा क्रम लागू शकतो.

हा विकार म्हाताऱ्यांचा नव्हे, तरुणांचा आहे. 1956 पर्यंत आपला मराठवाडा ज्या राज्यात होता त्याच्या राजधानीत, म्हणजे हैदराबादेत, निजाम्स इन्स्टिट्यूट नावाची मोठी वैद्यकीय संस्था आहे. तेथील डॉक्टरांनी अशा 428 रोग्यांची नोंद ठेवून 2012 साली ती प्रसिद्ध केली. त्या रोग्यांचे सरासरी वय सुमारे 31 वर्षे होते आणि त्यांत निम्म्याहून थोडे अधिक पुरुष होते. मद्यपान व रक्तक्षय ही त्यांतील ठळक कारणे होत. यास्तव पुरुष मंडळींनी हा विषय केवळ माजघराचा समजून उठून जाऊ नये.

तथापि स्त्रियांवर, विशेषतः बाळंतिणींवर, या विकाराची वक्रदृष्टी जुनी आहे. मदुरेचे डॉ. के. श्रीनिवासन यांनी गरोदरपणात व बाळंतपणात मेंदूच्या रक्तवाहिन्यांत गुठळी झालेल्या 135 स्त्रियांचा अभ्यास 1983 साली प्रसिद्ध केला. प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव थांबावा म्हणून निसर्गच स्त्रीचे रक्त गोठण्यास अधिक अनुकूल करतो. ती व्यवस्था तिच्या रक्षणासाठी असते. परंतु त्यात शरीरातील पाणी कमी पडले, रक्तक्षय असला किंवा जंतुसंसर्ग झाला, तर तीच घातक ठरू शकते. आता आपल्या घरांतील चाल पाहा. बाळंतिणीला पाणी बेताने द्यावे, नाहीतर तिचे पोट सुटते, अशी समजूत कित्येक घरांत आजही आहे. बाजेखाली शेगडी, खिडक्या बंद, अंगातून घामाच्या धारा, आणि पाणी मात्र मोजून! डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा यांस माझी हरकत नाही. माझे भांडण आहे ते त्या मोजलेल्या पेल्याशी.

आपल्याच एका घरातील सून बाळंत झाल्यावर नवव्या दिवसापासून डोके दुखते म्हणू लागली. कोणी म्हणाले वारा लागला, कोणी म्हणाले दृष्ट लागली. अंगारा झाला, लेप झाला. सहाव्या दिवशी आकडी आली तेव्हा गाडी ठरविण्यात आली. ती वाचली, ही देवाची कृपा. पण उजवा हात अजून लेकराला उचलावयास धजत नाही. घर कोणाचे, हे सांगण्याचे कारण नाही. त्या घरात माया कमी नव्हती. माहिती कमी होती.

ही गुठळी बाहेरून दिसत नाही, आणि साध्या सीटी स्कॅनमध्येही ती पुष्कळदा निसटते. येथे एमआरआय हे यंत्र उपयोगी पडते. त्यात क्ष-किरण नसतात. एक प्रचंड चुंबक असतो. रुग्णालयांतील नेहमीच्या 1.5 टेस्ला यंत्राची शक्ती पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30 हजार पट असते. आपल्या शरीरातील पाण्यात हायड्रोजनचे अणू आहेत. त्यांची केंद्रके या चुंबकापुढे शिस्तीने वागतात. रेडिओ लहरींनी त्यांस डिवचले की ती उलट संदेश देतात, आणि त्या संदेशांतून चित्र तयार होते. या शोधाबद्दल पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांस 2003 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

याहून नवलाची गोष्ट अशी की, स्थिर पाण्याचा आणि वाहत्या रक्ताचा संदेश निराळा येतो. म्हणून शिरेत रंगद्रव्य न टोचताही कोणती नीला वाहते व कोणती मुकी झाली, हे पाहता येते. रक्त किती वेगाने व कोणत्या दिशेस जाते, याचेही मापन करता येते. दुसरी युक्ती लायनस पॉलिंग व चार्ल्स कोरिएल यांच्या 1936 सालच्या शोधावर उभी आहे. प्राणवायू खर्च झालेले रक्त चुंबकास किंचित प्रतिसाद देते, असे त्यांस आढळले होते. त्यामुळे नीलांच्या अतिसूक्ष्म फांद्याही काळ्या रेषांसारख्या उमटतात. अर्थात यंत्र म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. कित्येक निरोगी माणसांत डावीकडील नीला जन्मतःच बारीक असते. ती बारीक आहे की तुंबलेली, हे अनेक चित्रे ताडून तज्ज्ञच ठरवितात. या प्रवाहमापनाचे महत्त्व ते हेच.

रोग ओळखला तर उपाय आहे. 1991 साली जर्मन डॉक्टरांनी 20 रोग्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा जणांस रक्त गोठू न देणारे हेपॅरिन दिले, दहा जणांस दिले नाही. औषध मिळालेल्यांपैकी 8 पूर्ण बरे झाले व एकही दगावला नाही. न मिळालेल्यांपैकी 3 दगावले आणि पूर्ण बरा असा एकच झाला. मेंदूत थोडा रक्तस्राव असला तरी हे औषध देतात, याचे लोकांस आश्चर्य वाटते. परंतु बांध फुटला तो पाणी तुंबल्यामुळे. वाट मोकळी करणे हाच त्यावर इलाज.

भगिनींनो, आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. बाळंतिणीला तहानेप्रमाणे भरपूर पाणी द्या. प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत डोकेदुखी दिवसेंदिवस वाढू लागली, तिच्यासोबत उलटी, अंधुक दिसणे, आकडी किंवा हातापायाची दुर्बलता असली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेल्या सुईमुळेही डोके दुखते व ते आडवे झाल्यावर बहुधा कमी होते. तरी निर्णय डॉक्टरांवर सोपवा. ‘मेंदूच्या नीलांत गुठळी तर नाही ना?’ असे विचारण्यात संकोच नको. 108 क्रमांकावर गाडी मिळते. अंबाजोगाईस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आणि 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा योजनेत शासकीय रुग्णालयात बाळंतिणीची 42 दिवसांपर्यंत मोफत तपासणी व उपचार होतात. यंत्रात जाताना मंगळसूत्र, जोडवी, नथ उतरवावी लागते; त्यात अशुभ काही नाही. दागिना उतरविण्यावरून घटकाभर वाद घालणे मात्र महागात पडू शकते.

आणखी एक. गौरी-गणपतीत किंवा लग्नकार्यात अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणतात. अशा गोळ्यांतील संप्रेरकांमुळे काही स्त्रियांत गुठळीचा धोका वाढतो. डॉक्टरांस विचारल्यावाचून त्या घेऊ नयेत. सुनेने गोळी खाऊन सोवळे सांभाळावे, अशी अपेक्षा कोणत्याही देवाची असेल असे मला वाटत नाही.

आपले मंडळ दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांस पारितोषिके देते, वधूवर मेळावा भरविते. त्याच उत्साहाने आपल्या प्रत्येक घरातील सासूबाईंपर्यंत एवढे एक वाक्य पोहोचवावे, अशी माझी विनंती आहे : बाळंतिणीचे पाणी मोजू नये, आणि तिची डोकेदुखी उद्यावर टाकू नये.