वजन नको, मूठ पाहा



आमच्या इंदापूर तालुक्यातल्या कळसला खंडेनवमीला विळा, कोयता आणि ट्रॅक्टरचे पानेसुद्धा पाटावर मांडून पुजले जातात. या सणाच्या नावातच खंडा आहे. खंडा म्हणजे सरळ, रुंद पात्याची तलवार.

जुन्या तलवारीचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘वजन किती हो?’ जेजुरीचा खंडा सुमारे 42 किलोचा आहे आणि दसऱ्याला तो एका हातानं तोलून धरण्याची स्पर्धा होते. त्यामुळे हा प्रश्न साहजिकच आहे. पण ती ताकदीची परीक्षा झाली. लढाईतली तलवार साधारण एक ते दीड किलोची असे. तासन्‌तास हात चालवायचा, तर त्याहून जड पातं परवडणार कसं?

मग वाराला जोर कुठून येई? त्याचं उत्तर मुठीत आहे.

सोळाव्या शतकात चीनच्या किनाऱ्यावर चाच्यांचे हल्ले होत. त्यांच्या हातातल्या लांब जपानी तलवारी पाहून सेनापती छी जिग्वांग यानं आपल्या शिपायांना तशीच लांब तलवार दिली. तिची मूठच एवढी लांब, की दोन्ही हात एकामागे एक बसावेत. जमिनीवर पाय रोवून लढणाऱ्याला ते सोयीचं होतं.

आपल्याकडच्या स्वाराचा एक हात मात्र लगामात अडकलेला. म्हणून खंडा आणि फिरंग या तलवारींची मूठ एका हाताची, बोटं झाकणारी आणि आतून गादी लावलेली असते. तिच्या टोकाच्या चकतीतून एक लोखंडी गज बाहेर येतो. लगाम सुटला, की दुसऱ्या हातानं तो गज धरून दुहाती वार करता येई. एकाच तलवारीत दोन्ही सोयी झाल्या. फिरंगीचं पातं बहुधा युरोपातून आलेलं असे, नावही त्यावरूनच पडलं.

नागपूरकर रघुजी भोसले यांच्या नावाची अशीच एक फिरंग महाराष्ट्र सरकारनं 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून सुमारे 47 लाख रुपयांना परत मिळवली. पातं युरोपीय आणि त्यावर सोन्यानं कोरलेली देवनागरी अक्षरं. ती अक्षरं शाबूत होती, म्हणून तलवार कोणाची हे कळलं. कुणी हौसेनं पॉलिश पेपरनं घासली असती, तर?

मुलांना लागेल म्हणून गज कापून टाकलेल्या तलवारी मी पाहिल्या आहेत. चिंच-लिंबानं घासून गुळगुळीत केलेलीही पाहिली आहेत. चकाकी येते, पण पात्यावरचा मजकूर निघून जातो आणि दुसऱ्या हाताची जागाच नाहीशी होते.

तेव्हा घरात अशी तलवार असेल, तर येत्या खंडेनवमीला कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा आणि तेवढ्यावर थांबा. मुठीचा, गजाचा, अक्षरांचा फोटो काढून ठेवा. पूजा तेवढ्यानंही पावते.